मुंबई-दिल्ली विमान: १,१४० किमीला सव्वादोन तास का?

मुंबई ते दिल्ली विमानाचं अंतर सर्च केलं की साधारण १,१४० किमी येतं. हा आकडा कोणी उडून मोजलेला नाही. दोन्ही एअरपोर्टचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी धरायची आणि हॅवरसाइन फॉर्म्युला लावायचा, झालं! जेमतेम दहा ओळींचा कोड. पण हे गोलावरचं सर्वात कमी अंतर. विमान ठरलेल्या हवाई मार्गाने जातं, रनवेच्या दिशेनुसार वळतं आणि गर्दी असेल तर वरच घिरट्या घालतं.

आता वेळ. ताशी ८३० किमीने भागलं तर १ तास २२ मिनिटं येतात. असाच भागाकार करून 'फ्लाइट टाइम' दाखवणाऱ्या साइट्स आहेत. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपास दिसतं, कारण एअरलाइन गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा वेळ धरते. जमिनीवरचं टॅक्सीइंग, चढताना-उतरतानाचा कमी वेग, सगळं त्यात आलं.

वाऱ्याचाही वाटा असतो. मुंबईहून लंडनला जाताना परतीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, कारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीम समोरून येतो.

म्हणून दिल्लीहून पुढचं विमान किंवा ट्रेन पकडायची असेल तर हिशोब तिकिटावरच्या वेळेनेच करा, वर बॅगेज आणि टर्मिनल बदलण्याचा वेळ धरा. दोन्ही विमानं वेगवेगळ्या पीएनआरवर असतील तर जास्तच. पहिलं लेट झालं म्हणून दुसरं थांबत नाही, आणि त्या तिकिटाचे पैसे सहसा बुडतात.