साल धातू धरते, पुढे काय?

क्रोम प्लेटिंगच्या शेडमध्ये आम्लाच्या टाकीतून जॉब वर काढला, की तो थोडा निथळतो आणि शेजारच्या धुण्याच्या टाकीत बुडतो. सोबत आलेल्या थेंबांनी तिथलं पाणी बघता बघता पिवळं होतं. हा पिवळेपणा कर्करोगाला कारण ठरणाऱ्या हेक्साव्हॅलंट क्रोमियमचा. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला अवघी 0.1 मिलिग्रॅम आहे. रूढ उपाय म्हणजे सोडियम मेटाबायसल्फाइटने त्याचं ट्रायव्हॅलंट रूप करायचं आणि चुना टाकून गाळ खाली बसवायचा. उपाय खात्रीचा आहे, पण रसायनांचा खर्च आणि घातक गाळ सुटत नाही.

म्हणून संशोधकांची नजर शेतातल्या टाकाऊ मालाकडे वळली. संत्र्याच्या सालीतलं पेक्टिन शिसं, तांबं, कॅडमियम यांचे धनभारित आयन धरून ठेवतं. मात्र पाणी फार आम्लधर्मी असेल तर हायड्रोजनचे आयन आधीच जागा अडवून बसतात. त्यामुळे सामू साधारण 5 च्या आसपास लागतो. क्रोमियमची तऱ्हा उलटी. हेक्साव्हॅलंट क्रोमियम पाण्यात ऋणभारित असतं, त्यामुळे ते सामू 2 च्या जवळपास चांगलं चिकटतं. एकाच भुशाने सगळे धातू एकदम निघतात असं कोणी छातीठोक सांगितलं, तर आधी सामू विचारावा.

दुसरी गोम मोजणीत आहे. डायफेनिलकार्बाझाइडच्या चाचणीत हेक्साव्हॅलंट क्रोमियम असेल तर जांभळा रंग येतो. रंग आला नाही म्हणजे धातू गेला, असं अनेकांनी धरलं. 2000 नंतरच्या दशकात दक्षिण कोरियातल्या पोहांगच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की वनस्पतीजन्य पदार्थ इलेक्ट्रॉन देऊन हेक्साव्हॅलंटचं ट्रायव्हॅलंट करतात, आणि त्यातला काही भाग पाण्यातच राहतो. विष सौम्य झालं हे खरं, पण धातू तिथेच. एकूण क्रोमियम न मोजता छापलेले नव्वद-पंचाण्णव टक्क्यांचे आकडे मला म्हणूनच पटत नाहीत.

आणि हा माल खरंच फुकट आहे का? शंभर टन उसामागे तीसेक टन बगॅस निघतं, पण ते कारखान्याच्याच बॉयलरमध्ये जातं आणि त्यातून वीज होते. शेंगांच्या टरफलांना इंधन म्हणून गिऱ्हाईक आहे. नागपुरी संत्री लोक घरोघर सोलून खातात. त्या साली गोळा कोण करणार? उरल्या कपाशीच्या पऱ्हाट्या. त्या बांधावर जळतात खऱ्या, पण विखुरलेल्या, आणि दळायला कठीण. थोडक्यात, जिथे ढीग आहे तिथे मालक आहे आणि जिथे मालक नाही तिथे ढीग नाही.

खरा अडचणीचा प्रश्न यापुढचा. धातूने भरलेला भुसा जाणार कुठे? तो खतात टाकला तर धातू पुन्हा शेतात. भट्टीत जाळला, तर हवा आणि चुन्यासारख्या अल्कधर्मी क्षारांच्या संगतीत ट्रायव्हॅलंट क्रोमियम परत हेक्साव्हॅलंट होऊ शकतं, म्हणजे सगळी मेहनत राखेत. आम्लाने किंवा अल्काने धातू सोडवून भुसा पुन्हा वापरता येतो, पण त्या धुवणाचीही विल्हेवाट लावावीच लागते.

तरी ही वाट मी मोडीत काढत नाही. मुख्य प्रक्रिया झाल्यावर पाण्यात उरलेला शेवटचा अंश काढायला, छोट्या प्लेटिंगवाल्याच्या आवारात, टरफलांचा एखादा स्तंभ उपयोगी पडू शकतो. मात्र घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार त्या भुशाचा हिशेब ठेवावा लागेल, आणि तो तळोजा किंवा रांजणगावसारख्या अधिकृत विल्हेवाट केंद्रात पाठवण्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा लागेल.