नवशिक्याच्या हाती कोणती मोटार द्यावी?

अमेरिकेतील अनेक राज्यांत सोळाव्या वर्षी मोटार चालविण्याचा परवाना मिळतो, आणि तो हाती पडताच घरात गाडीची तजवीज सुरू होते. मुलगा अजून शिकतो आहे, गाडी कोठेतरी घासायचीच, तेव्हा लहानशी, जुनी, स्वस्त गाडी घेऊन द्यावी, असा हिशेब पुष्कळ आईबाप मांडतात. मैलामागे प्राणघातक अपघातांचे प्रमाण सोळा ते एकोणीस वर्षांच्या चालकांत वीस वर्षांवरील चालकांच्या जवळजवळ तिप्पट आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे पैशाच्या दृष्टीने चोख असलेला हा हिशेब पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने साफ उलटा ठरतो.

विमा कंपन्यांच्या खर्चाने चालणाऱ्या तेथील महामार्ग-सुरक्षा संस्थेने २००९ साली मर्सिडीझची सी-क्लास मोटार आणि त्याच घराण्यातील चिमुकली स्मार्ट फोरटू यांची, दोहोंचा वेग ताशी ६४ किलोमीटर ठेवून, समोरासमोर टक्कर घडवून आणली. अचल अडथळ्यावर निरनिराळ्या आपटल्या असता दोघींनाही उत्तम शेरा मिळालेला होता. परंतु परस्परांशी गाठ पडताच स्मार्ट हवेत उडाली, तिने सव्वा गिरकी घेतली आणि पुढचा सारा फळा स्टिअरिंगसह आतील पुतळ्याच्या अंगावर आला. सी-क्लासमधील चालकाची जागा मात्र बहुतांशी शाबूत राहिली. दुप्पट वजनाच्या गाडीच्या वेगात जेवढा पालट होतो त्याच्या दुप्पट पालट हलक्या गाडीला क्षणार्धात सोसावा लागतो, आणि मनुष्यदेहाला मारक असतो तो हा आकस्मिक पालटच.

म्हणून जुनी अवजड गाडी शोधावी काय? मुळीच नाही. त्याच वर्षी त्याच संस्थेने १९५९ ची भरभक्कम शेव्हरोले बेल एअर २००९ च्या मालिबूवर आदळविली, तेव्हा चुराडा झाला तो बेल एअरमधील चालकाच्या जागेचा. वजनाबरोबर सांगाड्याची रचनाही हवी.

शिवाय नवशिक्याची खास खोड म्हणजे वळणावर घाबरून चाक गरकन फिरविणे. येथे इलेक्ट्रॉनिक स्थैर्य नियंत्रण कामास येते: चाक वळविले कोणीकडे आणि गाडी चालली कोणीकडे, याची ही यंत्रणा सतत पडताळणी करते, आणि तफावत आढळताच नेमक्या एखाद्या चाकाचा ब्रेक दाबून गाडी ताळ्यावर आणते. एकट्या गाडीचे प्राणघातक अपघात तिच्यामुळे निम्म्यावर येतात असे आढळल्याने अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून ती सक्तीची झाली. इंजिन मात्र बेताच्या ताकदीचे असावे. अधिक जोर म्हणजे अधिक मोह.

आपल्याकडे मोटारीचा परवाना अठराव्या वर्षी मिळतो, आणि त्याआधी मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्या पालकास कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवाना मिळाल्यावरही, घरात दोन गाड्या असतील तर त्यांतली अधिक सुरक्षित मुलाकडे द्यावी, आणि जुनी बापाने कचेरीला न्यावी.