परसातील कोंबड्यांचे रॅकून व इतर भक्षकांपासून संरक्षण

अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत घराच्या परसात अंड्यांसाठी थोड्या कोंबड्या पाळण्याची पद्धत ग्रामीण भागात जुनी आहे. अलीकडच्या काळात ती शहरांतही रुजली आहे. कॅनडातील टोरांटो शहराने २०१८ मध्ये काही प्रभागांपुरती तशी प्रायोगिक परवानगी दिली होती. अशा कोंबड्यांना रॅकून, खोकड, कोयोटी, वीझल, मिंक, शिकारी पक्षी आणि मोकाट कुत्रे यांच्यापासून धोका असतो. भक्षकाला मारणे किंवा दूर नेऊन सोडणे यापेक्षा खुराड्याची मजबूत बांधणी आणि ते रोज सायंकाळी न चुकता बंद करणे, हे संरक्षणाचे अधिक परिणामकारक उपाय आहेत.

रॅकूनची वैशिष्ट्ये

रॅकून (शास्त्रीय नाव प्रोसायन लोटॉर) हा मूळचा उत्तर व मध्य अमेरिकेतील सस्तन प्राणी आहे. डोळ्यांभोवतीचा काळा पट्टा आणि वलयांकित शेपटी यांवरून तो सहज ओळखता येतो. तो सर्वभक्षी व प्रामुख्याने निशाचर आहे. मात्र पिल्ले असलेली मादी दिवसाही अन्न शोधताना दिसते. फळे, मका, कीटक, बेडूक, अंडी, पक्षी आणि माणसाने टाकलेले अन्न यांपैकी जे मिळेल त्यावर तो जगतो. त्यामुळे जंगलाइतकाच तो शहरातही सुखाने राहतो.

खुराड्याच्या दृष्टीने त्याचे सर्वांत महत्त्वाचे अवयव म्हणजे पुढचे पाय. त्यांना लांब, सुटी पाच बोटे असतात आणि त्यांची स्पर्शसंवेदना अत्यंत तीव्र असते. ‘रॅकून’ हा शब्द व्हर्जिनियातील मूलनिवासींच्या पोव्हॅटन भाषेतून इंग्रजीत आला. हातांनी घासणारा, खरवडणारा असा त्याचा अर्थ सांगितला जातो. एच. बी. डेव्हिस यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत रॅकूनांनी आकडे, खिट्या व कड्या लावलेल्या पेट्या उघडून दाखवल्या होत्या. टोरांटो शहराने २०१६ पासून ओल्या कचऱ्यासाठी फिरवून उघडायच्या कडीच्या नव्या पेट्या वाटल्या, त्याही रॅकूनांच्या याच कौशल्यामुळे.

हल्ल्याच्या खुणा

हल्ला कोणी केला हे प्राणी प्रत्यक्ष न दिसताही बरेचदा ओळखता येते.

कोंबडीचे मुंडके तुटलेले असून छाती किंवा गळ्याखालची अन्नाची पिशवी खाल्लेली असेल, तर रॅकूनचा संशय येतो. जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीचे डोके वा पाय तो जाळीतून हात घालून ओढतो. अशा वेळी जाळी शाबूत आणि कोंबडी मात्र मृत, असे कोड्यात टाकणारे दृश्य दिसते.

मानेवर बारीक चावे असलेल्या अनेक कोंबड्या एकाच रात्री मेलेल्या आढळल्या, तर ते वीझल किंवा मिंकचे काम असू शकते. वीझल सुमारे अडीच सेंटिमीटरच्या फटीतूनही आत शिरतो. थोडी पिसे मागे ठेवून अख्खी कोंबडी नाहीशी होणे ही खोकडाची किंवा कोयोटीची खूण होय. कुत्रा पुष्कळ कोंबड्या मारतो, पण सहसा खात नाही. दिवसाढवळ्या उपटलेल्या पिसांचा ढीग दिसला, तर तो शिकारी पक्ष्याचा पुरावा असतो. नुसती अंडी फुटत असतील, तर स्कंक, ओपोसम किंवा उंदीर यांचा विचार करावा लागतो.

या खुणा निर्णायक नसतात. मेलेली कोंबडी खायला दुसराच प्राणी नंतर येऊ शकतो. म्हणून पावलांचे ठसे, खणलेली माती आणि आत शिरण्याची वाट हेही पाहणे आवश्यक असते.

खुराड्याची बांधणी

जाळी: षट्कोनी छिद्रांची तारेची जाळी चार्ल्स बर्नार्ड यांनी १८४४ मध्ये इंग्लंडमधील नॉरिच येथे तयार केली. कोंबड्यांना आत ठेवण्यास ती पुरेशी असते. रॅकूनला बाहेर ठेवण्यास नव्हे. तिची पातळ तार तो फाडतो आणि तिच्या छिद्रांतून त्याचा हात जातो. यासाठी सुमारे १३ मिलिमीटर चौकोनी छिद्रांची, सांधे जोडलेली जाड जाळी वापरतात. ती नुसत्या बारीक पिनांनी न ठोकता स्क्रू व चकत्यांनी चौकटीवर आवळली जाते. हवा खेळण्यासाठी ठेवलेले झरोकेही याच जाळीने झाकावे लागतात.

जमीन: खोकड, कोयोटी, स्कंक हे प्राणी भिंतीच्या पायथ्याशी खणू लागतात. त्यासाठी जाळी सुमारे ३० सेंटिमीटर खोल पुरतात किंवा ती बाहेरच्या बाजूस जमिनीलगत ३० ते ६० सेंटिमीटर आडवी पसरून मातीने झाकतात. खणणाऱ्याच्या नखांना ती लागली की तो बहुधा तेथेच थांबतो.

कड्या: साधा आकडा किंवा फिरती खिटी रॅकूनपुढे टिकत नाही. दोन वेगवेगळ्या हालचाली केल्याशिवाय न उघडणारी कडी, किंवा कोयंड्यात अडकवलेला स्प्रिंगचा आकडा अथवा कुलूप वापरतात. अंडी काढण्याच्या पेटीचे झाकण अनेकदा दुर्लक्षित राहते. त्यालाही तशीच कडी लागते.

छत: रॅकून उत्तम चढतो आणि घुबड वरून येते. म्हणून कोंबड्यांच्या फिरण्याच्या जागेवरही छत किंवा जाळी असणे हिताचे असते.

दैनंदिन दक्षता

कोंबडीला अंधारात फारच कमी दिसते. तिन्हीसांजेला ती दांडीवर जाऊन बसते आणि रात्री हल्ला झाला तर पळूही शकत नाही. रॅकून बाहेर पडण्याची वेळ नेमकी हीच. म्हणून दिवेलागणीला कोंबड्या मोजून दार लावणे हा संरक्षणातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचा नियम होय. उत्तम बांधलेले खुराडेही एका रात्रीच्या विसरण्याने निरुपयोगी ठरते. प्रकाशानुसार किंवा ठरावीक वेळी आपोआप बंद होणारी दारे मिळतात. परंतु बाहेर राहिलेली कोंबडी त्यांना कळत नाही, त्यामुळे मोजणी टळत नाही.

रात्री दाणे उघड्यावर ठेवू नयेत. ते घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावेत. अंडी रोज काढावीत. लुकलुकणारे दिवे किंवा रेडिओचा आवाज यांना प्राणी थोड्याच दिवसांत सरावतात. विजेचे कुंपण अधिक उपयोगी पडते. त्यात क्षणिक झटके देणाऱ्या दोन तारा जमिनीपासून सुमारे १५ व ३० सेंटिमीटरवर ताणतात. तारांना गवत टेकले की झटक्याचा जोर कमी होतो, म्हणून खालचे गवत सतत कापावे लागते.

पकडून दूर सोडणे व कायदा

रॅकूनला पिंजऱ्यात पकडून दूरच्या रानात सोडणे हा अनेकांना दयाळू मार्ग वाटतो. परंतु अनेक राज्यांत त्यावर बंदी आहे. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात पकडलेला वन्य प्राणी पकडल्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतच सोडावा लागतो. याचे मुख्य कारण म्हणजे रोगप्रसार. रेबीजचा रॅकूनांमधील प्रकार आधी अमेरिकेच्या आग्नेय भागापुरता मर्यादित होता. १९७० च्या दशकात शिकारीसाठी तेथून आणून व्हर्जिनियाच्या परिसरात सोडलेल्या रॅकूनांबरोबर तो उत्तरेकडे आला, असे मानले जाते. पुढे तो ईशान्येकडील राज्यांत पसरला आणि १९९९ मध्ये ऑन्टारियोत पोहोचला. आता त्याला रोखण्यासाठी लसयुक्त आमिषे रानात टाकली जातात.

याशिवाय वसंत ऋतूत मादीला हलवल्यास तिची पिल्ले मागे उपाशी मरतात, आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरा रॅकून येतो. खुराडे कच्चे असेल तर संकट तसेच राहते.

रॅकूनच्या विष्ठेतील एका गोलकृमीची अंडी पोटात गेल्यास माणसाच्या मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. ती विष्ठा उघड्या हाताने उचलू नये आणि लहान मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे. अमेरिकेत बाज, ससाणे व घुबडे यांना १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याचे संरक्षण आहे; कोंबडी नेली म्हणून त्यांना परवान्याशिवाय मारता येत नाही.

महाराष्ट्राच्या संदर्भात

रॅकून भारतातील वन्य प्राणी नाही. महाराष्ट्रात परसातील कोंबड्यांना मुंगूस, रानमांजर, कोल्हा आणि भटकी कुत्री यांच्यापासून उपद्रव होतो. पिलांवर घार झडप घालते. मुंगूस, रानमांजर व कोल्हा यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. सायंकाळी कोंबड्या खुराड्यात कोंडण्याची किंवा डालग्याखाली झाकण्याची येथील जुनी रीत रात्रीच्या संरक्षणाच्या त्याच तत्त्वावर आधारलेली आहे. मात्र डालगे हलके असल्याने कुत्रा किंवा कोल्हा ते सहज उलथतो. त्यामुळे ते बंद पडवीत किंवा घरातच ठेवणे सुरक्षित असते.