ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या वर्गात सहनशीलतेचे अध्यापन : एक विवेचन

प्रस्तावना

शब्बाथशाळेत अथवा चर्चच्या धर्मशिक्षण वर्गात सहनशीलतेचा पाठ बहुधा 'आत्म्याचे फळ' या मालिकेत येतो. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात नऊ गुण सांगितले आहेत. त्यांत प्रीती, आनंद व शांती यांच्यानंतर सहनशीलतेचा क्रम लागतो. फळांची चित्रे रंगविणे, कुंडीत बी पेरून अंकुराची वाट पाहणे ही या पाठाची परिचित साधने होत. ती उपयुक्तच आहेत. तथापि प्रत्यक्ष अध्यापनात या गुणाचा अर्थ पुष्कळदा 'गप्प बसणे' एवढाच उरतो. हाताची घडी घालून बसलेले मूल सहनशील ठरते आणि प्रश्न विचारणारे मूल उतावळे. हा अर्थ शिक्षकाच्या सोयीचा असला तरी शास्त्रपाठाशी तो जुळत नाही.

दोन शब्द, दोन अर्थछटा

नव्या कराराच्या मूळ ग्रीक संहितेत या गुणासाठी प्रामुख्याने दोन शब्द आढळतात. 'माक्रोथुमिया' म्हणजे राग लवकर न येणे; मराठी बायबलमध्ये देवासाठी योजलेले 'मंदक्रोध' हे विशेषण याच अर्थाच्या जवळ जाते. 'हुपोमोने' म्हणजे भाराखाली टिकून राहणे. पहिला गुण मुख्यत्वे माणसांच्या संदर्भात, तर दुसरा परिस्थितीच्या संदर्भात दिसतो. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात हे दोन्ही शब्द काही ओळींच्या अंतराने येतात. पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टान्तात पहिला, तर ईयोबाच्या उल्लेखात दुसरा.

शेतकऱ्याचा दृष्टान्त महाराष्ट्रातील मुलांना सहज भिडतो. मात्र पॅलेस्टाईनचा पाऊस वेगळा आहे, हे सांगावे लागते. तेथील पहिला पाऊस पेरणीच्या सुमारास, ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो आणि शेवटचा मार्च-एप्रिलमध्ये, कापणीच्या आधी. दुबार पेरणीचे संकट घरी पाहिलेल्या मुलास 'वाट पाहणे' म्हणजे काय, हे कदाचित शिक्षकापेक्षा अधिक ठाऊक असते.

ईयोबाचे उदाहरण अधिक काळजीने हाताळावयास हवे. वर्गात सांगितला जाणारा ईयोब सर्व काही निमूटपणे सोसतो. वस्तुतः ४२ अध्यायांच्या या ग्रंथात तिसऱ्या अध्यायापासून तो बोलू लागतो. आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाकडे जाब मागतो. तरीही याकोब त्याच्याच धीराचा दाखला देतो. लूकच्या अठराव्या अध्यायातील विधवाही अन्यायी न्यायाधीशाकडे पुन्हापुन्हा जाऊन न्याय मागते. गाऱ्हाणे मांडणे हे सहनशीलतेच्या विरुद्ध नाही, असेच या कथा सुचवितात. मोठ्या मुलांसाठी मराठीतच याचा उत्तम दाखला आहे. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळातील ताटातूट त्यांनी 'स्मृतिचित्रे'त सांगितली आहे. तीत दुःख आहे, रुसवा आहे आणि विनोदही आहे.

या मुद्द्याला व्यावहारिक बाजूही आहे. 'सोसावे, बोलू नये' एवढाच पाठ गिरविलेले मूल छळ अथवा अत्याचार झाला तरी मोठ्यांना सांगत नाही. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या कायद्याने अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्यावर ती कळविण्याचे बंधन घातले आहे. धर्मशिक्षकही त्यास अपवाद नाही. रांगेत थांबणे आणि अन्याय सोसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे सहनशीलतेच्या पाठातच स्पष्ट शब्दांत सांगणे आवश्यक ठरते.

वचन आणि विश्वास

मूल थांबते ते कशाच्या बळावर? वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्ड येथे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून केलेले मिठाईचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. समोरचा मार्शमॅलो लगेच न खाणाऱ्या मुलास दुसराही मिळे. थांबणे हा मुलाच्या मनोनिग्रहाचा प्रश्न आहे, असा या प्रयोगांचा अर्थ दीर्घकाळ लावला गेला. सेलेस्ट किड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २८ मुलांचे दोन गट होते. एका गटाला आधी दिलेले रंगसाहित्याचे वचन पाळले गेले, दुसऱ्या गटाला दिलेले मोडले गेले. त्यानंतर पहिल्या गटातील मुले सरासरी १२ मिनिटे थांबली, दुसऱ्यातील अवघी ३. नमुना लहान आहे, हे खरे; परंतु धर्मशिक्षकास या निष्कर्षाचे नवल वाटू नये. अब्राहामाला देवाचे वचन मिळाले तेव्हा तो ७५ वर्षांचा होता. इसहाक जन्मला तेव्हा १००. मधल्या २५ वर्षांत त्याचाही धीर सुटला. हागार व इश्माएल यांची कथा त्यातूनच घडली. तरीही तो थांबू शकला, कारण वचन देणाऱ्यावर त्याचा विश्वास होता. शिक्षक 'पुढच्या रविवारी गोष्ट पुरी करू' असे सांगून ती विसरतो, तेव्हा फळ्यावर लिहिलेल्या वचनापेक्षा ही विसरच मुले अधिक नेमकी शिकतात.

कुंडीतील बियांबाबतही हेच घडते. एखाद्या मुलाचे बी उगवतच नाही. रोज पाणी घालूनही कुंडी रिकामी राहिलेली पाहून ते रडवेले होते, आणि शिक्षक दयेपोटी शनिवारी संध्याकाळी गुपचूप दुसरे रोप त्या कुंडीत लावून ठेवतो. त्याऐवजी रविवारी त्या मुलाशेजारी बसून माती उकरून पाहता येते. बी कुजले, की खोल गेले, की मुंग्यांनी नेले, हे दोघांना मिळून शोधता येते, आणि त्याच मातीत दुसरे बी पेरता येते.