पहारेकरी ग्रंथि

स्तनाचा कर्करोग पसरूं लागला म्हणजे बहुधा प्रथम काखेंतील लसीकाग्रंथींत शिरतो. पूर्वीं या बहुतेक ग्रंथी काढून टाकीत. त्यामुळें कित्येक स्त्रियांचा हात कायमचा सुजे. आतां अनेक शस्त्रवैद्य अमेरिकेंत १९५९ सालीं मान्यता पावलेलें इंडोसायनीन ग्रीन हें रंगद्रव्य स्तनांत टोंचतात. तें लसीकेबरोबर वाहत वाटेंतील पहिल्या, म्हणजे पहारेकरी ग्रंथींत पोंचतें. सुमारें ८०० नॅनोमीटर लांबीचे अदृश्य अवरक्त किरण त्यावर पाडले असतां तें प्रकाशतें, व खास कॅमेऱ्याच्या पडद्यावर ग्रंथि उजळलेली दिसते. मात्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावें कीं, ही चकाकी रोगाची खूण नव्हे. ती केवळ वाट दाखविते. निर्णय सूक्ष्मदर्शकाचा. पहारेकरी निर्दोष ठरला, तर इतर ग्रंथी काढण्याचें टळतें, आणि हात सुजण्याचें भयहि पुष्कळ कमी होतें.