नाव तेच, यंत्र निराळे

चेन्नईच्या दक्षिणेस, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर वसलेल्या शोळिंगनल्लूर या माहिती-तंत्रज्ञानाच्या उपनगरात मी राहतो. येथे अनेक घरांतून कार्यालयीन कामकाज चालते आणि त्याचा सारा भार वायफाय राउटरवर असतो. मात्र एकाच नावाने विकले जाणारे दोन राउटर आतूनही सारखे असतील, याची शाश्वती नाही. फरक कळतो तो तळाशी बारीक अक्षरांत छापलेल्या आवृत्तिक्रमांकावरूनच.

लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरचे उदाहरण गाजलेले आहे. २००५च्या पाचव्या आवृत्तीत त्याची रॅम १६ मेगाबाइटवरून ८वर आणि फ्लॅश मेमरी ४वरून २वर आली. लिनक्स प्रणालीही गेली. नाव मात्र कायम राहिले. आवृत्ती पाहिल्याविना ग्रंथाचा दाखला देऊ नये, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शिकवले जाते. ग्राहकाकडून तशी दक्षता अपेक्षिणे अन्यायाचे आहे.

मेमरी अपुरी असली, की पुढच्या सुरक्षा-सुधारणा यंत्रात मावेनाशा होतात. सुधारणांविना राहिलेला राउटर किती असुरक्षित असतो, हे २०१८मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ने दाखवले, त्याने जगभरात किमान पाच लाख उपकरणे ग्रासली होती. अशा सुधारणा किमान किती काळ मिळतील, हे जाहीर करणे ब्रिटनने २९ एप्रिल २०२४पासून बंधनकारक केले. आपल्याकडे दूरसंचार उपकरणांचे सक्तीचे प्रमाणन आहेच. वातानुकूलन यंत्रांवर ऊर्जेचे तारे छापून घेणाऱ्या शासनाने राउटरच्या खोक्यावर आवृत्ती, मेमरी आणि सुधारणांची अंतिम तारीख छापून घ्यावी. त्यासाठी प्रमाणनाच्या अर्जात तीन रकाने वाढवावे लागतील, एवढेच.