फाटक पडलं... टेबलावर!

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात सेन्सर, इंटरलॉक, पीएलसी हे शब्द चहाच्या टपरीवरही कानावर पडतात. गाडी आली की आपोआप पडणारं रेल्वेचं फाटक बनवायला जे डोकं लागतं, ते इथल्या शॉप फ्लोअरवर रोज वापरलं जातं. म्हणून घरी मॉडेल रेल्वेचा लेआउट मांडणाऱ्या इथल्या प्रत्येकाला माझा आग्रह आहे: बोगदा नंतर, डोंगर नंतर, आधी चालतं फाटक बसवा. आणि ते खोक्यातून आलेलं जर्मन किंवा इंग्रजी फाटक नको. पुणे–लोणावळा मार्गावर शोभेल असं, आपल्या हातचं हवं.

आधी कोथरूडला जाऊन या

आपल्याकडे या छंदाचं घर म्हणजे पुण्यात कोथरूडला असलेलं ‘जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय’. बी. एस. तथा भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जपलेल्या वेडातून ते उभं राहिलं आणि १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुलं झालं. तिथल्या छोट्या शहरात गाड्या, सिग्नल, दिवे, पूल सगळं चालतं-फिरतं आहे. पाहणाऱ्याची नजर गाड्यांमागे धावते. तुम्ही मात्र सिग्नलवर डोळा ठेवा. कोणती गाडी कुणासाठी थांबते आणि ती थांबल्यावर दुसरी कधी सुटते, हे एकदा ध्यानात आलं की फाटकाचं निम्मं काम समजलं.

त्याच वर्षाच्या शेवटी पिंपरीची टाटा इंडिका बाजारात आली. एचओ मापात, म्हणजे १:८७ ला, ही इंडिका जेमतेम ४२ मिलिमीटरची होते. फाटकासमोरच्या रांगेत पहिला मान तिला द्यायला हरकत नाही. मागे आकुर्डीत जन्मलेली बजाज चेतक, सुमारे २० मिलिमीटर. शेजारी उभा माणूस १९ मिलिमीटर.

रुळांचा हिशेब जुळत नाही, तरी चालतं

एचओच्या दोन रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर असतं. ते युरोप-अमेरिकेतल्या १,४३५ मिलिमीटरच्या गेजवरून आलं. आपलं ब्रॉड गेज १,६७६ मिलिमीटरचं. ८७ ने भागलं तर १९.३ मिलिमीटर येतात. म्हणजे एचओच्या रुळांवर धावणारी आपली लोकल खरं तर जरा अरुंद रुळांवर धावते. त्यावर जीव जाळू नये. फाटकावर रुळांच्या मधली जागा रस्त्याने भरून निघते, त्यामुळे हा फरक सगळ्यात कमी कुठे जाणवत असेल तर फाटकावरच.

एका गोष्टीत मात्र कसूर चालणार नाही. रस्ता रुळाला चिकटवायचा नाही. चाकाच्या कडेसाठी रुळाच्या आतून सुमारे सव्वा मिलिमीटरची फट ठेवायची आणि रस्ता रुळाच्या माथ्यापेक्षा केसभर खालीच ठेवायचा. नाहीतर इंजिन फाटकावरच उचललं जातं आणि गाडी रुळांवरून उतरते.

ताशी ६० म्हणजे सेकंदाला १९ सेंटिमीटर

खरी गाडी ताशी ६० किलोमीटरने जात असेल तर १:८७ च्या दुनियेत ती सेकंदाला १९ सेंटिमीटर सरकते. ताशी १०० ला ३२ सेंटिमीटर. दिवे लुकलुकायला चार सेकंद आणि दांडा उतरायला सहा सेकंद धरले तर गाडीची चाहूल फाटकाच्या जवळजवळ दोन मीटर आधी लागायला हवी. बहुतेकांचा सेन्सर फाटकापासून वीतभर अंतरावर असतो. मग दांडा उतरतो तो गाडीच्या टपावर.

बारा डब्यांची लोकल या मापात तीन मीटरच्या आसपास जाते. ताशी ६० च्या हिशेबाने तिला फाटक ओलांडायला पंधरा-सोळा सेकंद लागतात. लेआउट दिवाणावर मावेल एवढाच असेल तर चार डबे पुरे.

गाडी आली हे कळतं कसं?

खऱ्या रेल्वेची जुनी युक्ती १८७२ ची. अमेरिकेच्या विल्यम रॉबिन्सन यांनी त्या वर्षी ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं. दोन्ही रुळांतून मंद वीज सोडायची. गाडीचं चाक-आस दोन्ही रूळ जोडतं, वीज तिथूनच परतते, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. वीज गेली किंवा तार तुटली तरीही सिग्नल लालच होतो. बिघाड झाला तर तो सुरक्षिततेच्या बाजूला झुकावा, हा विचार दीडशे वर्षं जुना आहे आणि आजही कारखान्यातल्या प्रत्येक इमर्जन्सी स्टॉपमध्ये तोच असतो.

आपल्या टेबलावर हे जसंच्या तसं जमत नाही. इथे रुळांतूनच इंजिनाच्या मोटरला वीज जाते, म्हणून चाकांमध्ये मुद्दाम इन्सुलेशन दिलेलं असतं. मग दोन सोपे मार्ग उरतात. एक, रीड स्विच: काचेच्या नळीतल्या दोन पात्या, इंजिनाखाली इवलासा चुंबक. इंजिन वरून गेलं की पात्या जुळतात. ही नळी १९३६ साली बेल लॅबमध्ये जन्मली. दुसरा, इन्फ्रारेड सेन्सर, स्लीपरच्या मधे लपवलेला. तो स्वस्त आहे, चुंबक लागत नाही, पण खिडकीतून दुपारचं ऊन आलं की गोंधळतो. लेआउट खिडकीपासून दूर ठेवा किंवा सेन्सरभोवती काळी नळी बसवा.

इन्फ्रारेडचा आणखी एक गुण लक्षात ठेवा: दोन डब्यांमधली फट त्याला दिसते. फट दिसली की त्याला वाटतं गाडी संपली, आणि फाटक मधेच उघडू लागतं! यावर उपाय दोन. किरण रुळांना काटकोनात न टाकता तिरपा टाकायचा, म्हणजे फटीतूनही कुठला ना कुठला डबा आडवा येतो. किंवा फाटक चालवणाऱ्या आर्डुइनो बोर्डाच्या प्रोग्रॅममध्ये सांगायचं, सलग दोन सेकंद मोकळं दिसलं तरच गाडी गेली असं समज. मी दोन्ही करायला सांगेन.

गाड्या दोन्ही दिशांनी येत असतील तर सेन्सर दोन्ही बाजूंना लागतात. जो आधी जागा होतो तो फाटक पाडतो, आणि पलीकडचा मोकळा झाला की ते उघडतं. खऱ्या रेल्वेत हेच काम अॅक्सल काउंटर करतो. आत गेलेले आस मोजतो, बाहेर आलेले मोजतो आणि दोन्ही आकडे जुळल्याशिवाय मार्ग मोकळा म्हणत नाही.

आधी फाटक, मग सिग्नल

आता खरी गंमत. टेबलावर बहुतेक ठिकाणी गाडी येते आणि तिला पाहून फाटक पडतं. आपल्या रेल्वेच्या इंटरलॉक फाटकावर क्रम उलटा आहे. गेटमन आधी फाटक पाडतो, ते कुलूपबंद होतं, आणि तेव्हाच गाडीचा सिग्नल हिरवा होऊ शकतो. फाटक उघडं असताना सिग्नल देता येत नाही, आणि सिग्नल दिलेला असताना फाटक उघडता येत नाही. गेटमनच्या आठवणीवर काही सोडलेलं नाही.

चाकणच्या कुठल्याही प्रेस शॉपमधल्या माणसाला हे लगेच पटेल. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. जपानच्या शिगेओ शिंगो यांनी या विचाराला पोका-योके म्हटलं, आणि आपल्याकडे ते नाव मशीनवरच्या पाटीपर्यंत पोचलं आहे.

टेबलावर हे करायला एक मायक्रोस्विच पुरतो. दांडा पूर्ण खाली आला की हा स्विच दाबला जातो. फाटकाआधीचा रुळाचा तुकडा, साधारण इंजिनाच्या दुप्पट लांबीचा, इतर रुळांपासून तोडून घ्यायचा आणि त्याची वीज या स्विचमधूनच न्यायची. दांडा पडला तर तुकड्यात वीज, सिग्नल हिरवा, गाडी पुढे. दांडा अडकला तर गाडी सिग्नलपाशी उभी. प्रोग्रॅम चुकला, तार निघाली, दांडा हलवणारा सर्वो जळला, तरी इंडिकेला धक्का लागत नाही. मला तर फाटकाचा दांडा हलण्यापेक्षा गाडीचं हे थांबणं जास्त आवडतं.

फाटकाच्या सिग्नलखाली पिवळी गोल पाटी लावा, त्यावर काळ्या रंगात ‘जी’ हे इंग्रजी अक्षर. हा सिग्नल लाल दिसला तर लोको पायलट शिट्टी देतो, दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं थांबतो, मग सावधपणे फाटकापर्यंत जातो. फाटक बंद असेल आणि हाताने सिग्नल मिळाला, तरच ओलांडतो.

दांडा सावकाश उतरू द्या

नऊ ग्रॅमची एसजी-९० सर्वो मोटर या कामाला झकास. पण मोकळी सोडली तर ती ९० अंश सेकंदाच्या पाचव्या भागातच फिरते. फाटक पडत नाही, आदळतं. तिला दर ६५ मिलिसेकंदांनी एकेक अंश हलवा, की दांडा सहा सेकंदांत उतरतो. सर्वोला वीज वेगळ्या ५ व्होल्टच्या सप्लायवरून द्या. आर्डुइनोच्या पिनवरून दिली तर मोटर जोर लावताच बोर्ड रीसेट होतो. ग्राउंड मात्र दोघांचा एकच हवा.

दिव्यांसाठी प्रोग्रॅमही नको. ५५५ टायमर १९७२ पासून बाजारात आहे, तपकीर गल्लीत कुठेही मिळतो. एक किलोओहम, ६८ किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड जोडले की सेकंदाला साधारण एक लुकलुक. एक लाल एलईडी पिन तीनवरून ग्राउंडला, दुसरा पिन तीनवरून प्लसला, दोन्हींना रेझिस्टर. आळीपाळीने पेटतात.

पाट्या, कमानी, गणितं

फाटकाच्या सुमारे ६०० मीटर आधी रुळाकडेला पिवळी पाटी असते: ‘सी/फा’. शिट्टी वाजवा, पुढे फाटक आहे. मापात ती सात मीटर दूर पडते, म्हणजे शेजाऱ्यांच्या घरात! ती जवळ आणावीच लागते, पण लावा जरूर. आपल्या रेल्वेची याहून पक्की खूण नाही.

पुणे–लोणावळा मार्गावर ओव्हरहेड तारा आहेत, म्हणून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हाइट गेजची कमान हवीच. खरी उंची ४.६७ मीटर, टेबलावर ५४ मिलिमीटर. उंच माल लादलेला ट्रक तारांपर्यंत पोचण्याआधी इथेच अडतो. पितळी तारेचे तीन तुकडे आणि डाग दिला की झालं.

फाटक ठेवायचं की उड्डाणपूल बांधायचा, हे रेल्वे टीव्हीयू नावाच्या आकड्यावरून बघते. दिवसभरातल्या गाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं. मोटार एक, बैलगाडीही एक, रिक्षा अर्धी, दुचाकी पाव. ६० गाड्या आणि १,७०० मोटारी म्हणजे १,०२,०००. आकडा लाखावर गेला की पुलाचा विचार होतो. पिंपरी-चिंचवडमध्ये रुळांवरून उड्डाणपूल का गेले आणि मळवलीचं फाटक भाजे लेण्यांना जाणाऱ्यांच्या ओळखीचं का झालं, याचं उत्तर बरंचसं या गुणाकारात आहे.

गेटमन नसलेलं फाटक लेआउटवर ठेवायचं असेल तर काळ जुना धरा, कारण ब्रॉड गेजवरची अशी फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत संपवली गेली. मोटार वाहन कायद्याचं १३१ वं कलम त्यासाठी देखावाच लिहून देतं: अशा ठिकाणी गाडी थांबवायची, क्लीनरने खाली उतरून रुळांपर्यंत चालत जायचं, दोन्हीकडे बघायचं आणि मग गाडी पलीकडे न्यायची. ट्रक, आणि रुळांपाशी मान वळवून उभा १९ मिलिमीटरचा क्लीनर. पाहणाऱ्याला गोष्ट कळलीच!

चाकणला स्टेशन द्या

चाकणमध्ये जगभरच्या नावांच्या गाड्या बनतात, पण रूळ नाहीत. पुणे–नाशिक रेल्वेची वाट तिथे किती वर्षं पाहिली जाते आहे. लेआउटवर ही मंजुरी तुमच्या हातात आहे. एक साइडिंग काढा, मोटारी भरलेले बंद डबे उभे करा, आणि फाटकाच्या एका बाजूला कंपनीच्या बसची रांग लावा. पहिल्या पाळीची वेळ धरा, म्हणजे रांग लांब हवी.

शेवटचा सर्वो गेटमनसाठी

१९३५ साली अमेरिकेच्या लायोनेल कंपनीने एक खेळणं काढलं. गाडी आली की खोपटाचं दार उघडायचं आणि कंदील घेतलेला गेटमन बाहेर यायचा. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी गाडीपेक्षा त्या माणसाची वाट पाहिली. आपल्या गेटमनला खोपटातून बाहेर आणायला नको, तो दाराशी उभाच असतो. एक जास्तीचा सर्वो फळीखाली बसवा, बारीक तार वर काढून त्याच्या हाताला जोडा आणि हातात हिरवा झेंडा द्या. मायक्रोस्विच दबला, दांडा खाली आहे याची खात्री झाली, की मगच हात वर जाऊ द्या. प्रोग्रॅममध्ये चार ओळींची भर पडते.